तेलमळ्यात घाणा नव्हता

आमच्या कॉलनीच्या कमानीवर तेलाचा घाणा काढलेला आहे. बैल आहे, बैलाच्या डोळ्यांवर झापड आहे, बाजूला फेटेवाला म्हातारा आहे आणि वर सोनेरी अक्षरांत ‘तेलमळा आपले सहर्ष स्वागत करीत आहे’ असं लिहिलंय. माझं औषधांचं दुकान कमानीच्या अगदी समोर. सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन त्या बैलाचं. इथं घाणा कधीच नव्हता. बैल होते, पण ते नांगराचे. हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल! लोक ऐकून घेतात, गोळ्यांची पट्टी खिशात टाकतात आणि कमानीखाली उभं राहून फोटो काढतात.

सोपानतात्या आता इथं राहत नाहीत. असते तर म्हणाले असते, ‘‘मेडिकल, तू कशाला घसा कोरडा करतूस? तुज्याच दुकानातली खोकल्याची बाटली तुलाच लागंल.’’ मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मेडिकल चालवतो म्हणून मी मेडिकल. सुरुवातीला राग यायचा. नंतर पोरंसोरंही ‘मेडिकलकाका’ म्हणायला लागली, मग मी नाद सोडला.

तात्या मूळचे इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचे आणि नोकरी पाटकऱ्याची. कालव्याचं पाणी चारीनं, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या छोट्या पाटानं, कुणाच्या रानात कधी जायचं, किती वेळ राहायचं, हे ज्याच्या हातात तो पाटकरी. आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी इंजिनिअर लोकांचे इंग्रजी शब्द केव्हाच चावून गिळलेत. चारीच्या तोंडाला हेड म्हणायचं आणि शेपटाला टेल. हेडला ऊस आणि टेलला नशीब, असा एकंदर प्रकार. आज जिथं माझं दुकान आहे तो सगळा भाग म्हणजे एका चारीचं शेवटचं रान. म्हणून टेलचा मळा, आणि बोलता बोलता टेलमळा. इथं पाणी पोचेपर्यंत वर कुणीतरी चारी फोडलेली असायची, नाहीतर कुणाची तरी म्हैस त्यात बसलेली असायची. तात्यांनी नोकरीभर एकच नियम चालवला. पाळी आली की आधी टेल भिजवायचं, मग वर सरकत सरकत हेडला यायचं. ‘‘हेडला पानी जातंच, टेलला न्यावं लागतंय,’’ हे त्यांचं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते म्हणत, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा वीट आला होता.

बारामती वाढत वाढत मळ्याच्या बांधाला येऊन टेकली तेव्हा मळ्याच्या मालकांनी प्लॉट पाडले. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी वरच्या अंगाची विहीर सगळ्यांच्या पाण्यासाठी कॉलनीला दिली, स्वतःला अगदी खालच्या कोपऱ्यात घर आणि भाजीपुरता तुकडा ठेवला आणि तात्यांना साक्षी ठेवून एकच अट घातली : पाणी आधी टेलला. कागद नाही, स्टँप नाही. मी एकदा तात्यांना म्हणालो, असं तोंडी कोण मानणार? तर म्हणाले, ‘‘नावातच लिवलंय की! टेलमळा. आनि येगळा कागुद कशाला पायजे?’’

स्वतः तात्यांनी प्लॉट घेतला तो नेमका विहिरीशेजारचा, पाण्याच्या टाकीच्या पायथ्याचा. म्हणजे जन्मभर टेलचा कैवार घेतलेला माणूस म्हातारपणी राहायला आला हेडला. याचा ताप त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोला, हौसाकाकूंना जास्त झाला.

तात्या उंच, वाळलेले, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. पेन्शनीत निघाल्यावरही फिरायला जाताना खांद्यावर खोरं. डांबरी रस्त्यावर खोरं घेऊन माणसानं काय करायचं? पण कुठंही पाणी साचलेलं दिसलं की तात्यांना राहवायचं नाही. दोन घाव घालून ते त्याला वाट करून देत. मग ते पाणी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये जाई आणि भांडण माझ्या दुकानासमोर येई. ‘‘साचलेलं पानी आनि साचलेला मानूस, दोनी नासत्यात,’’ असं वर ऐकवायचे. ज्याची गाडी चिखलात गेली त्याला हे ऐकून काय वाटत असेल ते मी सांगायला नको.

कॉलनीच्या गणपतीच्या महाप्रसादाची गोष्ट तर अजून निघते. तात्यांनी बुंदीची बादली धरली होती. पंगतीच्या तोंडाला शिंगटेसाहेब आणि त्यांनी मुद्दाम बोलावलेले पाहुणे. शिंगटेसाहेब म्हणजे आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी. बदलीवर बारामतीला आले, रिटायर होऊन इथंच राहिले आणि कॉलनीला ‘लेव्हल’ आणायची त्यांनी शपथच घेतली. तात्या त्यांच्यासमोरून बादली घेऊन ताठ चालत गेले ते थेट पंगतीच्या शेवटी. तिथं एमआयडीसीत कामाला जाणारी भाडेकरू पोरं बसलेली. वाढायला सुरुवात तिथून! पोरांनी काय हात आखडता घ्यायचा? तात्या वर सरकत पाहुण्यांपर्यंत आले तेव्हा बादलीच्या तळाला चुरा राहिला होता. ‘‘पाळी संपली,’’ तात्या म्हणाले. ‘‘आता फुडच्या येळंला.’’ पाहुण्यांनी हसून साजरं केलं. साहेबांना हसू आलं नाही. मी साहेबांच्या शेजारीच बसलो होतो, त्यामुळं बुंदी मलाही मिळाली नाही.

सुरुवातीला राहायला आलो ते आम्ही सगळे जवळपासचेच. कुणी बावड्याचा मास्तर, कुणी काटेवाडीचा दूधवाला, कुणी कारखान्यातला क्लार्क. टेल म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. मग कॉलेजची पोरं आली, बंगल्यांवर मजले चढले, अंगणं पार्किंगला गेली, एका बंगल्याची जिम झाली, दुसऱ्याचं हॉस्टेल झालं आणि मधोमध एक लिफ्टची इमारत उभी राहिली. आता निम्म्या गिऱ्हाइकांची मला ओळख नाही. धंदा वाढला, तक्रार करायला जागा नाही. पण पूर्वी माणूस दारात दिसला की औषध कुठलं ते मला कळायचं. आता तो मोबाइल पुढं करतो आणि मी त्यातला फोटो वाचतो.

पाण्याची लोखंडी चावी मात्र कैक वर्षं तात्यांच्याच हातात होती. टाकीपासून खालच्या टोकापर्यंत एकच पाइप, ठिकठिकाणी चेंबर आणि त्यात व्हॉल्व्ह. रोज सकाळी तात्या आधी टोकाचा व्हॉल्व्ह उघडत. तिथं आबांची सून, मंगलवहिनी राहायच्या. आबा आणि त्यांचा मुलगा दोघंही गेले. वहिनी त्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, चुका काढायच्या आणि मंडईच्या दारात बसून विकायच्या. त्यांचं भरलं की तात्या एकेक चेंबर करत वर येत. स्वतःच्या घरी सगळ्यांत शेवटी. तोवर टाकी तळाला गेलेली.

वरच्या घरांनी यावर उपाय काढला. मोटरी लावल्या. बटण दाबलं की आपली पाळी असो नसो, पाइपातलं पाणी ओढून घ्यायचं. तात्या भिंतींना कान लावत फिरू लागले. भरल्या सकाळी हा माणूस लोकांच्या बाथरूमच्या भिंतीला कान लावून उभा! बायका चिडल्या, पुरुष अंगावर आले. तात्यांना काही नाही. ‘‘मोटर हाय हितं. घरघरतीया,’’ म्हणत ते बेल दाबायचे.

आणि एका सकाळी ते स्वतःच्याच घराच्या भिंतीपाशी थांबले.

मोटर मोरीच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली होती. काकूंनी गुपचूप बसवून घेतलेली. तात्यांनी ती पान्ह्यानं सोडवली आणि हातात घेऊन तडक माझ्या दुकानात आले. मागोमाग काकू, पदराला हात पुसत.

‘‘अवो, समद्यांच्या घरात हाय. आपल्याच घरात जड हुतीया व्हय?’’

‘‘आपल्या घरात हाय म्हनूनच जड हाय.’’

काकू माझ्याकडं वळल्या. ‘‘तुमीच सांगा मेडिकल. जल्मभर लोकांची रानं भिजवली ह्यांनी. माजी बादली काय कदी भरली न्हाय.’’

काकूंचं चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. नियम तात्यांचा आणि सोसणं काकूंचं, हा कुठला न्याय? तात्यांनी मोटर काउंटरवर ठेवली. ‘‘ठीव तुज्याकडं. घरात ठिवली तर ही परत लावंल.’’ मी ती डायपरच्या खोक्यांमागं सरकवली. काकू महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, जसं काही मीच चोरली होती.

आता एवढं ऐकून कुणी तात्यांना संत करू नये. माणूस हट्टी होता आणि हट्टी माणूस चुकतो तेव्हा मोठं चुकतो. रस्त्याला पेव्हिंग ब्लॉक बसवायचे ठरले तेव्हा तात्या आडवे पडले. म्हणे खाली जुनी चारी आहे, आधी ती मोकळी करा, नाहीतर पाणी तुंबेल. जागा कुठली? माझ्या दुकानासमोरची! शिंगटेसाहेबांनी उडवून लावलं. तर तात्यांनी ओळखीचा जेसीबीवाला आणून भर दुपारी खणायला लावलं. निघालं काय? ड्रेनेजचा पाइप, एक तुटकी चप्पल, आणि मग कॉलनीच्या नळाची मुख्य लाइनच फुटली. कारंजं उडालं. माझ्या दुकानाची पायरी खचली.

‘‘तात्या, कुठाय चारी?’’ मी ओरडलो.

तात्या खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, ‘‘चारी हितंच हुती. कॉलनी हाललीया.’’

आज मी ते वाक्य रंगवून सांगतो. त्या दिवशी खोरं त्यांच्याच डोक्यात घालावं असं वाटलं होतं.

लाइन दुरुस्त होईपर्यंत सगळ्यांचे हाल झाले आणि शिंगटेसाहेबांना हवं ते निमित्त मिळालं. मीटिंग झाली, चावी तात्यांकडून काढून घेतली. तात्यांची बाजू घ्यायला तोंड कुठं होतं कुणाला? नवा माणूस नेमला. तो सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडायचा आणि चहाला जायचा. वर मोटरी घरघरायच्या, खाली मंगलवहिनींच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची. प्यायचं पाणी त्या शेजारून आणायच्या. मेथी मात्र पिवळी पडायला लागली. मी दोनदा मीटिंगमध्ये विषय काढला. ‘नोंद घेतली’ म्हणाले. नोंदीनं मेथी भिजत नाही.

त्यातच कमान आली. साहेबांनी पेंटरला मोबाइलवरून इंग्रजी अक्षरांत ‘Tel Mala’ असं पाठवलेलं. पेंटर परगावचा. त्यानं वाचलं तेलमळा. हौशी माणूस, त्यानं आपल्या पदरचा घाणाही काढला. कमान उभी राहिली त्या संध्याकाळी तात्या खाली उभे राहून मान वर करून बघत होते. शिंगटेसाहेब माझ्याकडं बीपीची गोळी घ्यायला आले, तेव्हा तात्यांनी त्यांना गाठलं.

‘‘सायब, ट चा त झालाय.’’

‘‘असू द्या हो तात्या. मीही आधी पेंटरवर चिडलो होतो. पण विचार करा, टेल म्हणजे शेपूट. शेपटात फ्लॅट कोण घेईल? तेल म्हटलं की कशी भरभराट वाटते.’’

‘‘आनि अट?’’

‘‘कसली अट?’’

‘‘आदी टेलला पानी.’’

‘‘आता टेलच राहिलं नाही ना,’’ साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले आणि गोळी घेऊन गेले. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मला राग आला तो याचाच. लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

‘‘नाव गेलं मेडिकल,’’ तात्या म्हणाले. ‘‘आता कागुद न्हाय आपल्याकडं.’’

पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता. शाळेतल्या पोरांनी ‘आपला परिसर’ म्हणून प्रकल्प केला, त्यात लिहिलं, येथे पूर्वी तेलाचे घाणे होते. रस्त्यापलीकडचे एक गृहस्थ तर छातीवर हात ठेवून सांगू लागले, लहानपणी इकडून जाताना पेंडीचा वास यायचा. मी म्हटलं, कुठल्या पेंडीचा? तर म्हणाले, शेंगदाण्याच्या. आता काय बोलणार! शेवटी साहेबांच्या जावयानं त्या लिफ्टच्या इमारतीच्या तळमजल्यावर दुकान काढलं : लाकडी घाण्याचं शुद्ध तेल, परंपरा तेलमळ्याची.

उद्घाटनाला मंडप, सनई, खुर्च्या. आणि सत्कार कुणाचा? सोपानतात्यांचा. ‘घाण्यांच्या काळाचे शेवटचे साक्षीदार’ म्हणून! कॉलनीतला सगळ्यात जुना रहिवासी म्हणून त्यांना बोलावून आणलं आणि पुढच्या सोफ्यावर बसवलं. तात्या उठले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तिथून त्यांना दोघांनी धरून आणलं, शाल घातली, नारळ दिला, तेलाची बाटली दिली. मग निवेदकानं माइक पुढं केला. ‘‘तात्या, आठवणी सांगा.’’

तात्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. ‘‘हितं घाना कदीच नव्हता,’’ ते म्हणाले. ‘‘हितं पानी यायचं. लई उशिरा यायचं, पर आमी आनायचू. ह्या मळ्याला टेलमळा म्हंत्यात. खाली मंगलच्या नळाला पानी न्हाय. त्ये आदी बगा, मग त्याल इका.’’

मला वाटलं, झालं, पोचलं. तेवढ्यात निवेदक हसून म्हणाला, ‘‘बघा, या वयातही काय विनोदबुद्धी आहे!’’ आणि टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. माणसं खरंच खूश होऊन टाळ्या वाजवत होती. तात्या माइक हातात धरून तसेच उभे राहिले. मग कुणीतरी तो त्यांच्या हातातून सोडवून घेतला. मला इतकी चीड आली की मी पेढा न घेता दुकानात निघून आलो. याला कुणी निषेध म्हणणार असेल तर म्हणो.

तेलाची बाटली काकूंनी दुसऱ्याच दिवशी फोडली आणि भजी तळली. ‘‘त्याल मातुर चांगलं हाय,’’ त्या म्हणाल्या.

पुढं लवकरच तात्या आणि काकू शेळगावला थोरल्या मुलाकडं गेले. मंगलवहिनींना इमारतवाले अजून जागेबद्दल विचारत असतात. तात्यांची आठवण निघाली की लोकांना बुंदी आठवते, जेसीबी आठवतो. मला आठवते ती त्यांनी कॉलनी सोडण्याच्या थोडी आधीची एक सकाळ.

पाण्याची वेळ व्हायची होती. मी नुकतंच शटर वर केलेलं. तात्या आले आणि म्हणाले, ‘‘मेडिकल, ती मोटर दे.’’

मी खोक्यांमागून ती काढली, धूळ झटकली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, म्हातारा एकदाचा वाकला, काकूंची बादली भरेल. तात्यांनी मोटर खांद्यावर घेतली, जिथं एरवी खोरं असायचं तिथं. पण ते घराकडं वळले नाहीत. उताराला लागले. मी गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून त्यांच्यामागं गेलो.

मंगलवहिनी दारातच होत्या. ‘‘तात्या, तुमी? आनि मोटर?’’

तात्यांनी खाली बसून पाइप जोडला, वायर खिडकीतून आत दिली आणि म्हणाले, ‘‘बटान दाब.’’

मोटर घरघरली. नळीतून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ, मनगटाएवढी धार. वहिनींनी नळी धावत नेऊन मेथीच्या वाफ्यात सोडली. ‘‘तात्या, आलं! आलं बगा!’’ त्या ओरडल्या. वरच्या अंगाला तेवढ्यात आरडाओरडा सुरू झाला, नळ गेला, नळ गेला. त्यात एक आवाज हौसाकाकूंचा होता.

तात्या बांधावर बसले होते, पाण्याकडं पाठ करून.

‘‘तात्या, टेल भिजलं की,’’ मी म्हणालो. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

‘‘ही पाळी न्हाय मेडिकल,’’ ते म्हणाले. ‘‘ही चोरी हाय. बाकीची करत्यात तीच.’’

वाफा भरला. पाणी कडेवरून बाहेर आलं आणि तात्यांच्या पायांभोवती साचायला लागलं. धोतराचा सोगा भिजला. त्यांनी खोरं आणलंच नव्हतं. पण हातानंही त्यांनी त्या पाण्याला वाट करून दिली नाही.